इंजिनाच्या कापडाची मांडीगोधडी : आठ महिन्यांनंतर

गेल्या दिवाळीआधी जळगावच्या फुले मार्केटात ब्लाउजपिसं घ्यायला गेले आणि दीड मीटर इंजिनं घेऊन आले. पिवळसर सुती कापड, त्यावर वाफेची इंजिनं, प्रत्येकाच्या डोक्यावर पांढऱ्या धुराचा झुपका. आम्ही भुसावळचे. आप्पा मालगाडीचे ड्रायव्हर म्हणून रिटायर झाले, नोकरीची सुरुवात वाफेच्या इंजिनावर. असं कापड दिसल्यावर मी दुकानातून रिकाम्या हाताने निघणं शक्यच नव्हतं. मीटरला १६० रुपये, पन्हा ४४ इंच.

आप्पांचे गुडघे थंडीत धरतात. अंगावरची गोधडी खुर्चीत बसल्यावर जमिनीवर लोळते, शाल घसरते. म्हणून फक्त मांडीपुरती, ३६ बाय ४६ इंचांची गोधडी शिवली. डिसेंबरपासून ती रोज वापरात आहे. आता जुलै संपत आलाय, तेव्हा काय टिकलं आणि काय फसलं ते लिहिते.

आधी चूक. मोबाइलवर बघून मी चार-चार इंचांचे चौकोन कापायला घेतले. अर्धा मीटर कापून झाल्यावर समोर मांडलं तर एका तुकड्यात धुराडं, दुसऱ्यात दोन चाकं, तिसऱ्यात नुसता धूर. इंजिन एकाही तुकड्यात पूर्ण नाही. चित्र सात इंच लांब आणि तुकडा चार इंचांचा, दुसरं काय होणार? आई म्हणाली, "अवं माय, ॲक्सिडेंट करून ठेवला तू तं." ते तुकडे आता उशीच्या अभ्र्यात गेलेत. चित्राचं कापड घेतलं की आधी चित्र मोजायचं, मग चौकोन ठरवायचा. उरलेल्या मीटरभरातून साडेदहा इंचांचे सहा चौकोन निघाले, प्रत्येकात इंजिन मधोमध. मध्येमध्ये कापड वाया गेलं, पण त्याला इलाज नाही. जोडीला सहा कोरे निळे चौकोन घेतले. दोन्हीकडून पाव इंच शिलाईत गेल्यावर प्रत्येकी दहा इंच उरले, तीन आडवे, चार उभे. भोवती तीन इंचांची मरून पट्टी.

आत काय घालायचं यावर घरात तीन दिवस वाद. दुकानदाराने पॉलिस्टरची शीट दाखवली होती. ती हलकी, फुगीर आणि स्वस्त असते. शेजारच्या काकू म्हणाल्या, पिंजलेला कापूस घाल, खान्देशात राहून कापूस विकत न घेणारी तू पहिलीच. पण कापूस जवळजवळ टाके घालून बांधला नाही तर दोन धुण्यांत गोळा होतो. आणि म्हाताऱ्या माणसाच्या मांडीवर चहा सांडतोच, धुणं टळत नाही. शेवटी आईचं जुनं सुती पातळ काढलं. एका पातळात तीन पदर आरामात बसले. वरचं कापड, तीन पदर, खाली अस्तर. आठ महिन्यांनी सांगते, या गोधडीतला सर्वांत शहाणा निर्णय हाच. स्वयंपाकघरातल्या काट्यावर ५५० ग्रॅम भरली. मांडीवर बसते, घसरत नाही आणि जड लागत नाही.

शिवण सगळी हातानेच. धावदोरा, दोन ओळींत बोटभर अंतर. रेघा मारायला झिजलेली साबणाची वडी वापरली; धुतली की खूण गायब. इंजिनावरून आडव्या ओळी न घालता त्याच्या कडेकडेने टाके घातले, त्यामुळे इंजिन जरा उठून दिसतं. अस्तरावर मात्र मागून इंजिनांचे नुसते आकार उमटलेत, आणि मला तीच बाजू जास्त आवडते. बावीस संध्याकाळी गेल्या.

आप्पांनी हातात घेतल्यावर पहिलं काय केलं असेल तर चाकं मोजली. "डब्ल्यूजीला एका अंगाला सहा चाकं. याला चारच काहून? आन् ही घंटा कुठली? आपल्या इंजिनाला शिट्टी राह्यते." डब्ल्यूजी म्हणजे आपल्याकडचं मालगाडीचं वाफेचं इंजिन. बरोबरच होतं त्यांचं. पुढे लोखंडी जाळी, वर घंटा, ते चित्र अमेरिकी इंजिनाचं. मग स्वतःच म्हणाले, "असू दे, पीजेवर चालवू." पाचोरा-जामनेरच्या नॅरोगेज गाडीची इतकी थट्टा मी आजवर ऐकली नव्हती.

दुसऱ्या दिवशी नवी तक्रार. "गाडी उल्टी पडेल हाये व." मी शिवताना गोधडी भिंतीवर टांगून बघायचे, त्या हिशेबाने धुराडी वरच्या काठाकडे ठेवली होती. पण वरचा काठ माणसाच्या कमरेशी येतो. समोरच्याला इंजिन सरळ दिसतं, आणि ज्याच्या मांडीवर गोधडी आहे त्याला उलटं. फिरवून घ्या म्हटलं तर कमरेजवळ मी चष्म्यासाठी खिसा लावला होता. गोधडी फिरवली की खिसा गुडघ्यावर, तोंड जमिनीकडे. चष्मा एकदा पडलाच. काच वाचली. मग खिसा उसवून दुसऱ्या टोकाला लावला. आता इंजिनं आप्पांना सरळ आणि पाहुण्यांना उलटी दिसतात. चित्रं एकाच दिशेला उभी असलेलं कापड घ्यायचं असेल तर बघणारा कोण हे आधी ठरवा. चित्रं चहूकडे विखुरलेली असतील तर हा प्रश्नच येत नाही.

रंगाचं दुःख वेगळंच. इंजिनाचं कापड मी रात्रभर भिजवून वाळवलं होतं. दीड मीटरचं १४५ सेंटीमीटर भरलं. म्हणजे कोरंच शिवलं असतं तर पहिल्या धुण्यात सुरकुतलं असतं. पण मरून कापड घाईत तसंच वापरलं. पहिल्या धुण्यात रंग सुटला आणि काठाजवळच्या चार इंजिनांचा धूर गुलाबी झाला. मिठाच्या पाण्यात घातली, व्हिनेगर घातलं, काही उपयोग नाही. आप्पा म्हणतात, कोळसा खराब आहे.

आतापर्यंत सहा वेळा धुतली. छपाई आधी पापुद्र्यासारखी कडक लागायची, तिसऱ्या धुण्यानंतर मऊ पडली. मात्र घडीच्या रेषेवर रंग उडून फिकट चरे आलेत. आता घडी घालत नाही, गुंडाळून ठेवते. वाळत घालताना अस्तर वर, चित्र खाली. मे महिन्यात गच्चीवर अर्ध्या तासात खडखडीत वाळायची, या पावसात दोन दिवस जातात आणि कुबट वास येतो. तेवढ्या वेळासाठी दुसरी हवीच.

उन्हाळ्यात ती कपाटात जाईल असं वाटलं होतं. पण बाहेर ४४ अंश असताना आत कूलर फुल्ल आणि त्याचा झोत थेट आप्पांच्या गुडघ्यांवर. कूलर बंद करू देत नाहीत, गोधडीही सोडत नाहीत.

हाताने ओढायची सवय असल्याने एका बाजूची गोट विरली. ती मी सरळ पट्टीची, एकेरी लावली होती. ती काढून अडीच इंचांची पट्टी दुहेरी दुमडून बसवली. दोन महिने झाले, टाका हललेला नाही.

केळीच्या चिकाचा एक डाग मात्र राहिला. आई केळफूल निवडत होती, आप्पा मदतीला बसले, चीक ठिबकला. तो डाग तपकिरी होतो आणि जात नाही, हे इकडच्या पोरालाही ठाऊक आहे. नेमका एका इंजिनाच्या धुराड्याखाली पडलाय. मी त्यावर ठिगळ लावायला काढलं होतं. आप्पा म्हणाले, राहू दे, ऑइल गळू राह्यलंय.