आधी कर्जमाफी की आधी नेमणूक?
उद्या नवे पंतप्रधान आले तर त्यांनी आधी कर्जमाफी जाहीर करावी की हमीभाव सुचवणाऱ्या कृषिमूल्य आयोगावर कोरडवाहू शेती जाणणारा अध्यक्ष नेमावा, यांत मी दुसऱ्या पर्यायाला झुकते माप देईन. कर्जमाफीने सातबारावरचा बोजा तातडीने उतरतो, हे खरे. मात्र २००८ च्या केंद्रीय माफीत पूर्ण लाभासाठी २ हेक्टरांची मर्यादा असल्याने यवतमाळकडचे, जमीन जास्त पण ओलित नसलेले अनेक कास्तकार त्या पूर्ण लाभाला मुकले, आणि खासगी सावकाराचे देणे तर तिच्यात धरलेच नव्हते. याउलट हमीभाव दर हंगामात ठरतो, म्हणून आयोगावरची नेमणूक मला आधी हवी. अर्थात आयोग केवळ शिफारस करतो, निर्णय मंत्रिमंडळाचा असतो. म्हणून कृषिमंत्रीही तितकाच खंबीर हवा. कापसात १२ टक्क्यांहून अधिक ओलावा निघाला की सरकारी खरेदी केंद्रावरून गाडी परत फिरते आणि तोच कापूस खेडा खरेदीत, म्हणजे गावात येणाऱ्या व्यापाऱ्याला, पडेल भावाने जातो, हे दोघांनाही ठाऊक असले पाहिजे.