दोन राष्ट्राध्यक्ष, दोन हट्टी सेनापती

अमेरिकेच्या यादवी युद्धात राष्ट्राध्यक्ष लिंकननी सेनापती मॅक्लेलनला १८६२मध्ये पदावरून काढलं, कोरियन युद्धात राष्ट्राध्यक्ष ट्रूमननी सेनापती मॅकआर्थरला १९५१मध्ये. दोघेही सेनापती लोकांच्या गळ्यातले ताईत, पण दुखणं वेगळं. मॅक्लेलन लढायलाच निघेना. वर तोरा असा, की १८६१मध्ये खुद्द लिंकन त्याच्या घरी वाट बघत बसलेले असताना हा आला आणि थेट वर जाऊन झोपला! लिंकननी तेही गिळलं. काढलं ते अँटिएटमच्या लढाईनंतर शत्रूचा नीट पाठलाग केला नाही म्हणून.

मॅकआर्थरला उलट कोरियातलं युद्ध चीनपर्यंत न्यायचं होतं. सरकारी धोरणाविरुद्धचं त्याचं पत्र विरोधी नेत्यानं संसदेत वाचून दाखवलं, आणि सहा दिवसांत गच्छंती. मला हाच निर्णय जास्त अवघड वाटतो. न्यूयॉर्कमध्ये मॅकआर्थरची जंगी मिरवणूक निघाली, शिव्या खाल्ल्या ट्रूमननी. मॅक्लेलन मात्र १८६४मध्ये लिंकनविरुद्ध निवडणुकीला उभा राहिला आणि सपशेल आपटला.