जुरासिक-क्रिटेशस सीमा: सूक्ष्मजीवाश्म की झिरकॉन?

जुरासिक आणि क्रिटेशस या दोन भूवैज्ञानिक कालखंडांमधल्या सीमेवर काम सुरू करताना निधी एकाच पद्धतीपुरता असेल, तर सूक्ष्मजीवाश्म की झिरकॉन (वय मोजता येणारं खनिज) ही निवड कठीण होते. मुळात दोन्ही पद्धती वेगळ्या प्रश्नांची उत्तरं देतात. जीवाश्म क्रम सांगतात, झिरकॉन वय सांगतं.

खर्चात सूक्ष्मजीवाश्म सरस. चुनखडीचे पातळ छेद आणि चांगला सूक्ष्मदर्शक पुरतो; मात्र नजर तयार व्हायला वर्षं लागतात. झिरकॉनमधल्या युरेनियमचं शिसं किती झालं यावरून वय काढणाऱ्या युरेनियम-शिसे पद्धतीला अतिस्वच्छ प्रयोगशाळा आणि मास स्पेक्ट्रोमीटर (अणूंचं वस्तुमान मोजणारं यंत्र) हवा.

खरी अडचण खडकांची आहे. कॅल्पिओनेला अल्पिना या कॅल्पिओनेलिड गटातल्या सूक्ष्म सागरी जीवाची अचानक झालेली भरभराट ही सीमेची प्रमुख खूण मानतात. पण कॅल्पिओनेलिड टेथिस या प्राचीन महासागरातले आणि लगतच्या उबदार समुद्रांतले. उत्तरेच्या थंड समुद्रांत ते सापडत नाहीत. उलट झिरकॉनसाठी ज्वालामुखीच्या राखेचे थर लागतात, आणि टेथिसच्या उत्तम छेदांत (खडकांच्या उघड्या थरक्रमांत) नेमके तेच दुर्मीळ. अर्जेंटिनातल्या न्यूकेन खोऱ्यात राख आणि जीवाश्म एकत्र मिळतात, म्हणून ते इतकं मोलाचं. तिथल्या झिरकॉननी सीमा सुमारे १४.१ कोटी वर्षांवर आणली; प्रचलित आकडा १४.५ कोटींचा होता. चाळीस लाख वर्षांचा फरक किरकोळ नाही! अर्थात झिरकॉनही चकवतं: राख पडण्याआधीच मॅग्मात बनलेला स्फटिक वय वाढवतो, शिसं निसटलं तर वय घटतं.

दूरदूरचे चुनखडी छेद जुळवायचे असतील तर जीवाश्मच घ्या, जमल्यास पुराचुंबकीय नोंदीसह (खडकात जपलेल्या पृथ्वीच्या जुन्या चुंबकीय क्षेत्राच्या खुणांसह). उत्क्रांतीचा वेग मोजायचा असेल तर झिरकॉनला पर्याय नाही, पण राखेचा थर हाती आल्याशिवाय त्यावर पैसा लावू नका.