काँक्रीटचा ड्राइव्हवे, दोन हिवाळ्यांनंतर

दीड वर्षापूर्वी, सप्टेंबरात, घरापुढचा डांबरी ड्राइव्हवे काढून काँक्रीटचा करून घेतला. आम्ही अमेरिकेत मिनियापोलिसजवळ राहतो, म्हणजे दोन कडक हिवाळे त्याने काढलेत. ताकदीबद्दल तक्रार नाही. रोज दोन गाड्या उभ्या असतात, एक तडा नाही. तक्रार आहे ती वरच्या कातडीची.

पहिल्या मार्चमध्ये बर्फ गेला, रस्त्याकडच्या टोकाला सहज हात फिरवला तर ओल धरलेल्या भिंतीसारखे पापुद्रे हातात आले. खाली खडी उघडी. तेव्हा परातीएवढा होता तो भाग, आता सतरंजीएवढा झालाय.

ठेकेदार म्हणाला, बर्फ वितळवायला मीठ टाकलं असणार. अहो, पहिल्या हिवाळ्यात मीठ नको हे त्यानेच बजावलं होतं, आम्ही वाळूवर भागवलं! आता रस्त्यावरचं मीठ गाडीबरोबर घरी येतंच. मडगार्डाखाली चिकटलेला काळा बर्फ गॅरेजच्या दाराशी रोज ठिबकतो. पण तिथे एक पापुद्रा निघालेला नाही.

मग ओतकामाचा दिवस आठवला. ऊन होतं, वारा होता. गॅरेजकडून सुरुवात केली आणि रस्त्याकडे पोचेपर्यंत माल आवळत आला. थापी सरकेना, तेव्हा एकाने बादलीत ब्रश बुडवून वर पाणी शिंपडलं आणि घोटून गुळगुळीत केलं. मी चहा पीत खिडकीतून बघत होतो. गावाकडे गोणपाट टाकून आठवडाभर पाणी मारतात, त्यामुळे मला ते चांगलंच वाटलं. पण ते पाणी काँक्रीट धरल्यावरचं. ओल्या मालावर पाणी घोटलं की वरचा थर कच्चा राहतो.

मालात खोट नव्हती, पावतीवर 6 टक्के हवा लिहिली आहे, म्हणजे मालात मुद्दाम ठेवलेले बारीक बुडबुडे. पाणी गोठताना साधारण 9 टक्के फुगतं, त्याला हे बुडबुडे जागा देतात. वरून पाणी घालून घोटलं की नेमके वरच्या थरातले बुडबुडे जातात. मीठ मग उरलेलं काम करतं: दिवसा बर्फ वितळतो, खारं पाणी मुरतं, रात्री पुन्हा गोठतं.

ऑगस्टमध्ये कोरडं बघून सायलेनचा सीलर, म्हणजे पाणी आत मुरू न देणारं रसायन, मारला. चांगल्या भागावर पाणी अजून थेंब धरून उभं राहतं, खराब टोकाला काही फरक नाही. ते फोडून परत ओतावं लागणार, आणि या वेळी मे महिन्यात, थंडीआधी सुकायला वेळ मिळेल असं. मिठाच्या पिशवीवरही नजर ठेवा, अमोनियम नायट्रेट किंवा सल्फेट दिसलं तर घेऊ नका, ते काँक्रीटच खातं.

गॅरेजकडच्या भागाला पाच तारे, रस्त्याकडच्याला एक.