शेजारी स्कूटरच्या आवाजाला कंटाळले? गॅस्केट, वेल्डिंग, लोकल की ओरिजिनल सायलेन्सर: काय घ्यावं, काय टाळावं

विदर्भातल्या खेड्यात उन्हाळाभर माणसं अंगणात नाहीतर गच्चीवर झोपतात. गल्ली आठ-दहा फुटांची, दोन्हीकडे भिंती, वर टिना. अशा गल्लीतून पहाटे चारला दुधाच्या कॅना घेऊन किंवा भाजीच्या हर्रासाला निघालेल्या स्कूटरचा सायलेन्सर फुटका असेल तर अख्खी आळी जागी होते. शेजाऱ्यांची तक्रार रास्तच असते. पण तक्रार आली की गाडीवाला एकदम दोन टोकं गाठतो. एक तर ‘इंजिनच तसं आहे’ म्हणून हात झटकतो, नाहीतर तालुक्याला जाऊन मिळेल तो सायलेन्सर बसवून येतो. आर्वी असो, दर्यापूर असो की दारव्हा, तालुक्याच्या बाजारात या दुखण्यावर चार इलाज मिळतात आणि चारही सगळ्या गाड्यांना लागू पडत नाहीत. हे परीक्षण ११० सीसीच्या आसपासच्या, गिअर नसलेल्या फोर-स्ट्रोक स्कूटरसाठी आहे. ॲक्टिव्हा, ज्युपिटर या जातीच्या गाड्या खेड्यात सगळ्यात जास्त दिसतात.

पैसे काढण्याआधी तक्रार नीट ऐका. सायलेन्सरचं तोंड मागे असतं, आवाज रोज थोडाथोडा वाढतो, त्यामुळे चालवणाऱ्याच्या कानाला तो सवयीचा होऊन जातो. शेजाऱ्याला मात्र तो बाहेरून, स्वच्छ ऐकू येतो. ‘काहून रे बाबू, सकाळी सकाळी लेकरू उठवतं आमचं’ असं काकू म्हणाल्या की माफी मागा आणि पुढचा प्रश्न विचारा: आवाज नेमका कसा येतो, आणि कधी? ‘फटफट’ म्हणाल्या तर हवा फुटते आहे. ‘खडखड’ म्हणाल्या तर पत्रा किंवा बोल्ट ढिला आहे. ‘टकटक’ हा टॅपेटचा, म्हणजे इंजिनचे व्हॉल्व्ह उघडणाऱ्या भागाचा आवाज, आणि सेल मारताना एकदाच ‘कर्रर्र’ होत असेल तर तो जुन्या पद्धतीच्या स्टार्टरचा. नुसतं ‘लय आवाज येते’ यावर कोणताच मिस्त्री नीट काम करू शकत नाही. शेजाऱ्याच्या तोंडचा शब्द गॅरेजमध्ये जसाच्या तसा सांगा.

गॅस्केट बदलणं हा चारांतला सगळ्यात स्वस्त इलाज, आणि फटफट आवाजासाठी पहिला करायचा. सायलेन्सरचा बेंड पाईप इंजिनच्या हेडला जिथे मिळतो तिथे एक गोल चकती असते. ती दबली किंवा जळली की धूर सायलेन्सरच्या कप्प्यांतून न जाता तिथूनच बाहेर फुटतो, म्हणजे सायलेन्सर असून नसल्यासारखा. ॲक्सिलरेटर सोडला की याच फटीतून बाहेरची हवा आत ओढली जाते, आतलं न जळलेलं पेट्रोल तिथे पेट घेतं आणि उतारावर फटाक्यासारखे बार निघतात. पारख सोपी आहे. गाडी पूर्ण थंड असताना सुरू करा, जाड ओल्या फडक्याने सायलेन्सरचं मागचं तोंड दोन-तीन सेकंद दाबा आणि पुढे कान द्या. जोडापाशी ‘फुस्स’ ऐकू आलं किंवा काजळीचा काळा डाग दिसला तर दोष तिथेच आहे. गरम गाडीवर हा प्रयोग करू नका, हात भाजेल.

काम अर्ध्या-पाऊण तासाचं आहे, पण ते बिघडवणारे खूप. हेडमधले दोन स्टड गंजलेले असतात. नटांवर गंज सोडवणारं तेल मारून निदान पंधरा मिनिटं थांबायला हवं. घाईने पाना लावला की स्टड हेडमध्ये तुटतो, मग ड्रिल मारून तो काढायला लेथवाल्याकडे जावं लागतं आणि किरकोळ काम महागात पडतं. जुनी चकती पोर्टमध्ये, म्हणजे हेडच्या धूर निघायच्या भोकात, चिकटून राहते. ती न काढता तिच्यावर नवी बसवली तर आठवडाभरात पुन्हा फुंकते. मिस्त्रीला जुनी चकती हातावर दाखवायला सांगा. नवी चकती बसवताना खाली पडू नये म्हणून थोडं ग्रीस लावतात, ते जळताना पहिली काही मिनिटं धूर येतो, घाबरायचं कारण नाही. मुद्द्याची गोष्ट कसण्याच्या क्रमाची आहे. आधी सगळे नट-बोल्ट हाताने लावायचे, मग हेडचे दोन नट आलटून-पालटून थोडे थोडे कसायचे आणि सायलेन्सरच्या अंगाचे मोठे बोल्ट शेवटी. उलटं केलं तर पाईप तिरका बसतो, चकती एकाच बाजूने चेंगरते आणि दोष नव्या गॅस्केटच्या माथी जातो. दोन दिवस गाडी चालल्यावर, थंड असताना, ते नट पुन्हा एकदा पाहून घ्या.

चकती बदलूनही उतारावर बार येत असतील तर धूर स्वच्छ करण्यासाठी पोर्टमध्ये हवा सोडणारा व्हॉल्व्ह आणि त्याची रबरी नळी तपासायला सांगा. जुन्या कार्ब्युरेटरच्या बऱ्याच गाड्यांत हा व्हॉल्व्ह असतो आणि मिस्त्री त्याच्याकडे सहसा बघत नाहीत.

खडखडीवर तर बहुतेक वेळा पैसेच लागत नाहीत. सायलेन्सरवरच्या पत्र्याच्या कव्हरचे स्क्रू, त्यांच्याखालचे वायसर, मधल्या स्टँडची स्प्रिंग आणि त्याचं रबर, नंबर प्लेट, मडगार्ड, एवढं एकेक हाताने हलवून बघा. स्टँडचं रबर गेलं की प्रत्येक खड्ड्यात लोखंडावर लोखंड आपटतं. दुधाच्या कॅनांचा आवाज तर इंजिनच्या वरताण असतो; हुकाला आणि कॅनांच्या मधे सायकलच्या जुन्या ट्यूबच्या पट्ट्या गुंडाळल्या की तो थांबतो. हे सगळं करूनही सायलेन्सरवर मूठ मारली की आतून खुळखुळ ऐकू येत असेल, तर आतली जाळी किंवा पडदा सुटला आहे. त्याला बाहेरून काहीही करता येत नाही.

वेल्डिंग हा इलाज गावात सगळ्यात लोकप्रिय आहे, आणि आमच्या मते सगळ्यात जास्त चुकीच्या जागी वापरला जातो. सायलेन्सर आतून का सडतो हे कळलं तर वेल्डिंगची मर्यादा कळते. एक लिटर पेट्रोल जळलं की जवळजवळ तेवढंच पाणी वाफ होऊन बाहेर पडतं. घर ते वावर अशा दोन-तीन किलोमीटरच्या फेऱ्यांत सायलेन्सर पुरता तापतच नाही, वाफ आतच थिजते आणि तळाचा पत्रा खाते. बाहेरून पावसाळ्यातली काळी माती चिकटून बसते आणि ओल धरून ठेवते. म्हणजे भोक दिसतं एक, पण सभोवतालचा चार बोटं पत्रा कागदासारखा झालेला असतो. अशा पत्र्यावर टाका मारला की शेजारी नवं भोक पडतं. छोट्या हातोडीने हलकं ठोकून बघा. टणक आवाज येतो तिथवर पत्रा चांगला आहे. भद्द आवाज येऊन गंज झडला तर वेल्डिंगवर पैसे घालू नका. भोक जोडाच्या शिवणीवर किंवा ब्रॅकेटजवळ असेल आणि भोवतालचा पत्रा शाबूत असेल, तर मात्र सडका भाग कापून त्यावर नवा ठिगळ-पत्रा लावणं हे चोख काम आहे, जुन्या गाडीला ते नक्की करावं.

दोन अटी पाळा. सायलेन्सर गाडीवरून उतरवूनच वेल्डिंग करा. पेट्रोलची टाकी जवळ असते, आणि इंजेक्शनच्या (कार्ब्युरेटर नसलेल्या) गाडीत वेल्डिंगच्या करंटने ईसीयू, म्हणजे पेट्रोलचं प्रमाण ठरवणारा इलेक्ट्रॉनिक डबा, जाऊ शकतो. दुसरं, बऱ्याच सायलेन्सरला तळाशी पाणी निघायला बारीक छिद्र असतं. ते कंपनीनेच ठेवलेलं असतं. ‘इथूनही हवा जाते’ म्हणून वेल्डर ते बुजवतो, आणि साचलेलं पाणी उरलेला पत्रा खाऊन टाकतं.

लोकल सायलेन्सर ओरिजिनलच्या निम्म्यात किंवा त्याहून कमीत मिळतो, म्हणून मोह होतो. दुकानात दोन्ही हातात धरून बघा, जमल्यास वजनकाट्यावर ठेवा. हलका निघाला तर पत्रा पातळ आहे किंवा आतले कप्पे कमी आहेत, आणि दोन्हींचा अर्थ आवाज जास्त असाच होतो. टॉर्च मारून आत पाहा. सरळ आरपार पाईप दिसला तर घेऊच नका. ब्रॅकेटची भोकं जुन्या सायलेन्सरशी जुळवून बघा. अर्धा सूतही फरक असला तरी मिस्त्री ओढून-ताणून बसवतो आणि हेडचा जोड पुन्हा फुंकायला लागतो. जुन्या, फक्त गावात फिरणाऱ्या गाडीला जाड पत्र्याचा, नीट जुळणारा लोकल सायलेन्सर चालतो. बीएस-६ गाडीला तो अजिबात लावू नये.

कारण एप्रिल २०२० पासून विकलेल्या या गाड्यांत सायलेन्सरमध्ये कॅटॅलिटिक कन्व्हर्टर (धूर स्वच्छ करणारी जाळी) आणि पाईपवर ऑक्सिजन सेन्सर असतो. जोडातून हवा आत शिरली तरी सेन्सर फसतो, ईसीयू पेट्रोल वाढवतो आणि ॲव्हरेज पडतं. कन्व्हर्टर नसलेला सायलेन्सर लावला तर धुराचं प्रमाण बिघडून पीयूसी अडकते. म्हणून इथे ओरिजिनलच घ्या, महाग पडला तरी. पाकिटावरची छापील किंमत आणि पार्ट नंबर गाडीच्या मॉडेलशी ताडून घ्या, पक्कं बिल घ्या. सायलेन्सर उतरवण्याआधी सेन्सरची वायर सोडवायला सांगा, ती तशीच लोंबकळत ठेवली तर सेन्सर जातो. आणि ‘आतली जाळी फोडून देतो, पिकअप वाढते’ म्हणणाऱ्याकडे गाडी देऊच नका. शेजाऱ्यांचा सगळ्यात जास्त छळ अशाच पोकळ केलेल्या सायलेन्सरने होतो.

टकटक येत असेल तर सायलेन्सरला हात लावू नका. इंजिन तेलाची पातळी बघा, मग टॅपेट लावून घ्या. हे काम इंजिन थंड असताना, फिलर गेजने (फट मोजायच्या पातळ पट्ट्यांनी), कंपनीच्या मापावरच व्हायला हवं. आवाज बंद करायचा म्हणून टॅपेट जास्त आवळणारे मिस्त्री आहेत. गाडी शांत होते, पण व्हॉल्व्ह पूर्ण बंद न होता जळतो आणि पुढे हेडचं काम निघतं. डाव्या बाजूच्या कव्हरमधून घरघर किंवा कडकड येत असेल तर बेल्ट, रोलर आणि क्लच उघडून बघायला सांगा. चपटे झालेले रोलर एकटे बदलत नाहीत, सगळा संच बदलतात.

कायद्याची बाजू शेजारी आणि गाडीवाला दोघांनाही माहीत असावी. ८० ते १७५ सीसीच्या दुचाकीला कारखान्यातून निघताना ७७ डेसिबलची मर्यादा आहे. ध्वनिप्रदूषण नियम, २००० प्रमाणे रात्री १० ते सकाळी ६ ही रात्र धरली जाते आणि वस्तीत त्या वेळी ४५ डेसिबलची मर्यादा आहे. म्हणजे पहाटे चारची फेरी रात्रीतच येते. आवाजाचे निकष मोडणाऱ्या गाडीसाठी मोटार वाहन कायद्याचं कलम १९०(२) लागतं. २०१९ च्या दुरुस्तीने त्यातल्या पहिल्या गुन्ह्याच्या दंडाची मर्यादा १०,००० रुपये झाली, शिवाय तीन महिन्यांपर्यंत कैद आणि लायसन्सवर गदा आहेच. पण गावात एवढ्यावर जायची गरज सहसा पडू नये. काम झालं की काकांना किंवा काकूंना दिवसा बोलावून गाडी सुरू करून ऐकवा, काढलेला भाग दाखवा. पहाटे निघताना गाडी बंद ठेवून गल्लीच्या तोंडापर्यंत ढकलत न्या आणि उभ्या उभ्या रेस देऊन तापवत बसू नका, इंजेक्शनच्या गाडीला तर त्याची गरजही नसते. तरीही प्रकरण तंटामुक्त समितीत किंवा पोलीस पाटलांकडे गेलंच, तर सोबत दुरुस्तीचं बिल आणि चालू पीयूसी ठेवा. आणि शेजारी असाल तर नुसता जुना राग न सांगता आवाजाची वेळ आणि प्रकार लिहून न्या, म्हणजे समितीलाही गाडी तिथेच सुरू करून तपासता येते.