फुल इंग्लिश की अमेरिकन डायनर: भरपेट नाश्ता कुठला मागवाल?

हॉटेलच्या मेनूकार्डावर फुल इंग्लिश आणि अमेरिकन, दोन्ही नाश्ते शेजारी-शेजारी छापलेले असतात. वाचून वाटतं, अंडी आणि बेकन दोन्हीकडे आहेच, एकात बीन्स (टोमॅटो सॉसमधले पांढरे दाणे) आणि दुसऱ्यात पॅनकेक, एवढाच काय तो फरक. पण इंग्लंडमधल्या साध्या कॅफेत आणि अमेरिकेतल्या डायनरमध्ये, म्हणजे तिथल्या साध्या खाणावळीत, बसून खाल्लं की कळतं, खरं भांडण गोडावरून आहे.

अमेरिकन माणूस पॅनकेकच्या चळतीवर मेपल सिरप ओततो. ते ओघळत शेजारच्या बेकनपर्यंत जातं आणि त्याचं कुणालाच काही वाटत नाही. उलट ते खारट-गोड बेकन ही त्या प्लेटमधली सगळ्यात चांगली गोष्ट, असं माझं मत आहे. इंग्रजाला हे बघवत नाही. त्याच्याकडे अंडी, बेकन आणि सॉसेज संपल्यावर वेगळ्या टोस्टवर संत्र्याचा कडवट-गोड मार्मालेड येतो. बीन्सचा सॉस गोडसर असतो खरा, पण तो टोमॅटोचा, म्हणून चालतो. जिलेबीबरोबर मठ्ठा पिणाऱ्या आपल्या लोकांना खरं तर अमेरिकन बाजू चटकन पटायला हवी.

दुसरा फरक मागवण्याच्या पद्धतीत. फुल इंग्लिश हे आपल्या थाळीसारखं ठरलेलं असतं: तळलेलं अंडं, बॅक बेकन, सॉसेज, बीन्स, भाजलेला टोमॅटो, मश्रूम, टोस्ट किंवा तुपकट तळलेला पाव, आणि बऱ्याच ठिकाणी ब्लॅक पुडिंग (ते काय, पुढे सांगतो). नको असेल ते सांगायचं, बस. स्कॉटलंडमध्ये त्यात टॅटी स्कोन ही बटाट्याची चपटी भाकरी येते, उत्तर आयर्लंडमध्ये सोडा घालून फुगवलेला सोडा ब्रेड आणि फार्ल, तीही बटाट्याची चपटी भाकरीच. बरोबर दूध घातलेला कडक चहा, मोठ्या मगात.

डायनरमध्ये मात्र परीक्षाच असते. मी पहिल्यांदा गेलो तेव्हा मेनू उघडायच्या आत समोर कॉफी ओतलेली होती आणि बाई वही घेऊन उभ्या. अंडी कशी? ‘सनी साइड अप’ म्हणजे आपलं हाफ फ्राय. ‘ओव्हर ईझी’ म्हणजे उलटवलेलं, पण बलक पातळ. ‘ओव्हर हार्ड’ म्हणजे बलक पूर्ण घट्ट. टोस्ट कुठला, पांढरा, गव्हाचा की राय या धान्याचा? बटाटा किसलेला की फोडी? दक्षिणेत असाल तर बटाट्याऐवजी ग्रिट्स घ्याल का? ग्रिट्स म्हणजे पांढऱ्या मक्याच्या शिजवलेल्या कण्या, लोणी घालून. वॉफल हाउस या दक्षिणेतल्या साखळीत (१९५५ पासून, चोवीस तास उघडी) किसलेल्या बटाट्याची स्वतंत्र भाषाच आहे: ‘स्कॅटर्ड’ म्हणजे तव्यावर पसरून कुरकुरीत, ‘स्मदर्ड’ म्हणजे वर कांदा, ‘कव्हर्ड’ म्हणजे वर चीज. तिन्ही एकदम मागवा. चूक होणार नाही.

नावांवर मात्र जाऊ नका. ब्लॅक पुडिंग गोड नसतं. ते डुकराचं रक्त, चरबी आणि ओट किंवा बार्ली घालून केलेलं सॉसेज आहे, चकत्या करून तळतात. स्कॉटलंडच्या स्टॉर्नवे गावच्या ब्लॅक पुडिंगला २०१३ मध्ये भौगोलिक संरक्षणही मिळालं. अमेरिकेत ‘बिस्किट’ म्हणजे मऊ, पापुद्र्यांचा, बिनगोडाचा पाव, आणि त्यावरची पांढरी ग्रेव्ही बहुतेक वेळा दूध, मैदा आणि डुकराच्या सॉसेजची असते. ‘पॅनकेक’ अमेरिकेत जाड आणि फुगलेला. इंग्लंडमध्ये घावनाइतका पातळ, वर लिंबू आणि साखर. बेकनही वेगळं: ब्रिटिश बॅक बेकन पाठीकडचं, मांसल आणि मऊ, अमेरिकन पोटाकडचं, चरबीच्या पट्ट्यांचं, कडक होईपर्यंत भाजलेलं. मऊ बेकन पाहून अमेरिकन ‘कच्चं आहे’ म्हणतो, आणि इंग्रज त्यांच्या बेकनला जळकं.

गंमत अशी की दोघांच्याही ‘परंपरे’त अमेरिकन व्यापाऱ्यांचा हात आहे. बीन्स इंग्लंडात लोकप्रिय केले ते अमेरिकेतल्या पिट्सबर्गच्या हाइन्झ कंपनीने; १८८६ मध्ये तिचा माल लंडनच्या फोर्टनम अँड मेसन या दुकानात विकायला आला. आणि अमेरिकेत बेकन-अंडं हाच खरा नाश्ता, हे लोकांच्या मनावर ठसवण्यात एडवर्ड बर्नेज या प्रचारतज्ज्ञाचा मोठा वाटा होता. १९२० च्या दशकात बीच-नट कंपनीचं बेकन खपवायला त्याने डॉक्टरांकडून ‘सकाळी भरपेट खावं’ असं म्हणवून घेतलं. आपलाही हात एका पदार्थात आहे: जुन्या ब्रिटिश घरांत नाश्त्याला केजरी असे, म्हणजे आपली खिचडी, पण डाळ काढून धुरी दिलेला हॅडॉक मासा आणि उकडलेली अंडी घातलेली.

आता निवड. शाकाहारी असाल तर इंग्लंड सोपं. बीन्स, मश्रूम, टोमॅटो आणि शाकाहारी सॉसेज असलेली ‘व्हेजी’ थाळी तिथे सगळीकडे मिळते. फक्त तळलेला पाव बेकनच्या चरबीत केलाय का ते विचारा. अंडंही खात नसाल तर डायनरमध्ये हाल आहेत: पॅनकेकमध्ये अंडं असतंच, आणि बटाटा बेकनच्याच तव्यावर होतो. उरतं ते ओटमील आणि टोस्ट. मुलं बरोबर असतील किंवा घरात चौघांच्या चार तऱ्हा असतील तर डायनर बरा. दुपारपर्यंत पुन्हा भूक लागायला नको असेल तर फुल इंग्लिश. बीन्सची डाळीसारखी साथ मिळते आणि ते पोटात टिकतात. तोंडाला तिखटाची सवय असेल तर दोन्हीकडे हॉट सॉस मागा. अमेरिकेत तो टेबलावरच असतो. इंग्लंडात बहुधा आंबट-गोड ब्राउन सॉसची बाटली पुढे करतील.

आणि बिल: डायनरमधली कॉफी पुन्हा पुन्हा भरतात, त्याचे वेगळे पैसे नाहीत, पण १५ ते २० टक्के टीप धरूनच हिशोब करा. इंग्लंडच्या साध्या कॅफेत काउंटरवर पैसे दिले की झालं, पण चहाचा दुसरा मग विकत घ्यावा लागतो.