वावरातला वाढदिवस आणि दोन दारांची गाडी: नऊ महिन्यांच्या वापरानंतर

गाडी आयात केलेली, जर्मन, सेकंड हँड घेतलेली. दोन दारं, दोनच सीट, कापडी छत, दोन लिटरचं टर्बो पेट्रोल इंजिन, जोर मागच्या चाकांना, टायर रुंद आणि बुटके (225/45 आर17). ब्रँड मुद्दाम लिहिलेला नाही, कारण पुढचं बहुतेक सगळं या जातीच्या कुठल्याही गाडीला लागू पडतं. वापर दसऱ्यापासून आषाढापर्यंत, सुमारे साडेचार हजार किलोमीटर. मुक्काम वर्धा-यवतमाळ पट्ट्यातल्या खेड्यात. घेण्यामागचं कारण एकच, दोस्तमंडळींचे वाढदिवस वावरात साजरे करायचे आणि त्यात ही गाडी असावी.

आधीच सांगतो. वाढदिवसाच्या दिवशी या गाडीचं खरं काम दीड-दोन तासांचं. माणसं, गंज (मोठी पातेली), गोवऱ्या, सतरंज्या, पाण्याच्या कॅन हे सगळं न्यायला पिकअप लागतेच. ज्यांच्या मित्रमंडळात पिकअप नाही त्यांनी पहिले ती बघावी.

डिक्कीचंच घ्या. छत उघडलं की घडी होऊन डिक्कीतच बसतं. छत बंद असताना दहा लिटरचा कुकर आणि एक परात आडवी मावते, पण मग छत उघडता येत नाही, कारण डिक्कीतला आडपडदा खाली ओढलेला नसेल तर मोटर हलतच नाही. बटण दाबून काही होत नाही म्हणून मेकॅनिकला फोन करण्याआधी हा पडदा बघावा.

आता स्पीडब्रेकर. इथे गणित समजून घेतलं तर निम्मी भीती जाते. रस्त्यांचे निकष ठरवणाऱ्या इंडियन रोड्स काँग्रेसच्या मापाचा स्पीडब्रेकर 3.7 मीटर रुंद, 10 सेंटिमीटर उंच आणि 17 मीटर त्रिज्येच्या गोलाईचा असतो. गाडीच्या पुढच्या-मागच्या चाकांतलं अंतर अडीच मीटर. म्हणजे गाडी त्याच्या पाठीवर असते तेव्हा दोन चाकांच्या मधला फुगवटा जेमतेम पाच सेंटिमीटरचा. पोटाखाली 12 सेंटिमीटर जागा आहे, आरामात निघते. अडचण आहे ती गावातल्या हौशी ब्रेकरची. एक मीटर रुंद, पंधरा सेंटिमीटर उंच, कोणीतरी उरलेल्या सिमेंटात ओतलेला. तो पूर्ण दोन चाकांच्या मध्ये येतो आणि पोट घासतंच. दोघं बसले की जागा आणखी दीड-दोन सेंटिमीटर कमी होते. उपाय असा की सोबतच्या माणसाला उतरवायचं, गाडी तीस-चाळीस अंशांत तिरपी घ्यायची आणि एकेक चाक चढवायचं, म्हणजे कुठलं ना कुठलं चाक ब्रेकरवर राहून अंग उचलून धरतं. समोरून बंडी (बैलगाडी) किंवा ट्रॅक्टर येत असेल तर थांबा, घाईत तिरपी घेता येत नाही.

पांदणीत, म्हणजे वावरात जाणाऱ्या कच्च्या वाटेत, ही गाडी नेऊच नका. खडीकरण झालेली पांदण उन्हाळ्यात एकवेळ चालते, पण चाकोरीच्या मधला मातीचा उंचवटा इंजिनखालच्या प्लास्टिकच्या पत्र्याला धरतो. पत्र्याच्या क्लिपा तुटल्या की तो लोंबतो आणि पुढच्या खड्ड्यात फाटतो. पंधरा-वीस क्लिपा आणि प्लास्टिकच्या पट्ट्या डिक्कीत ठेवाव्यात. म्हणून जेवणाची जागा निवडताना डांबरी रस्त्याला लागून असलेलं वावर किंवा खळंच निवडायचं. विहीर कुठे आहे, सावली कुठे आहे हे नंतर.

जेवण आणि गाडीच्या फेऱ्या यांचं वेळापत्रक जुळवणं ही सगळ्यात मजेची गोष्ट आहे. पंधरा जण धरा. दोन सीटची गाडी, चालवणारा एकच, म्हणजे प्रत्येकाला एक चक्कर द्यायला चौदा फेऱ्या. एक फेरी आठ मिनिटांची धरली तर एकशे बारा मिनिटं, जवळपास दोन तास. जेवणात रोडगे, म्हणजे गोवऱ्यांच्या निखाऱ्यावर भाजलेले कणकेचे गोळे, त्यांनाही साधारण तेवढाच वेळ लागतो. तीन किलो जाडसर दळलेली कणीक, पाव किलो तेलाचं मोहन, दोन चमचे ओवा, मीठ. घट्ट मळून अर्धा तास झाकून ठेवायची. एका रोडग्याला तीन-चार छोट्या पोळ्या लाटून मध्ये तेल लावत एकावर एक ठेवायच्या आणि कडा वळवून गोळा बांधायचा. दीडशे ग्रॅमचे तीस होतात. तेल लावायचा कंटाळा केला की पदर सुटत नाहीत आणि मधला भाग चिकट राहतो.

चाळीसेक वाळलेल्या गोवऱ्या रचून पेटवायच्या. जाळ पूर्ण बसून निखाऱ्यावर पांढरी राख येईपर्यंत पाऊण तास जातो. बहुतेकांचं चुकतं ते इथेच. भूक लागली म्हणून जाळातच रोडगे टाकतात, मग वरून कोळसा आणि आत पीठ. निखाऱ्यावर उलटपालट करत दहा-बारा मिनिटं, सगळ्या बाजूंनी डाग पडले की गरम राखेत पुरून वीस-पंचवीस मिनिटं. काढल्यावर रोडग्याला भेगा दिसल्या पाहिजेत. फडक्यात धरून राख झटकायची, हाताने दाबून फोडायचा आणि तुपात बुडवायचा. तूप पाऊण किलो धरा, त्यात कंजुषी चालत नाही. सोबत तीन किलो छोट्या वांग्यांची भाजी, पाऊण किलो तुरीच्या डाळीचं वरण आणि ठेचा. कणीक मळून झाकली की फेऱ्या सुरू, रोडगे राखेतून काढताना फेऱ्या बंद. थंड रोडगा दगडासारखा होतो आणि शेवटच्या फेरीतल्या माणसाच्या वाट्याला तोच येतो, त्यामुळे वाढदिवसवाल्याची फेरी सगळ्यात आधी.

गाडी चुलीपासून किमान पन्नास फूट लांब आणि वारा जिकडून येतो त्या बाजूला उभी करायची. गोवरीची ठिणगी कापडी छतावर पडली की सुईएवढं भोक पडतं, ते दिसत नाही आणि पहिल्या पावसात सीटवर ठिबकतं. याहून गंभीर म्हणजे खाली काय आहे ते. सोयाबीनचं कुटार, वाळलेलं गवत किंवा पऱ्हाटीच्या काड्यांवर ही गाडी कधीही उभी करू नका. धुराच्या नळीतला कॅटॅलिटिक कन्व्हर्टर काहीशे अंश तापलेला असतो आणि तो जमिनीपासून वीतभरही उंच नसतो. दहा बाय दहाची जागा फावड्याने साफ करायला पाच मिनिटं लागतात.

केकबद्दल. तालुक्याहून आणलेला एक किलोचा क्रीमचा केक सीटवर ठेवला तर सीटच्या मागच्या उतारामुळे डबा कलतो. डिक्कीत ठेवला तर खालच्या नळीची धग लागते. जागा एकच, सोबतच्या सीटसमोर पाय ठेवायला असते ती, थर्माकोलच्या डब्यात आणि एसीची हवा पायाकडे वळवून. बोनेटवर केक कापायची फॅशन आली आहे, ती फोटोपुरतीही नको. इंजिन नुकतंच बंद केलेलं असतं, क्रीम दोन मिनिटांत वाहतं आणि बोनेटचा पातळ पत्रा कोपराच्या दाबानेही बसतो. फेसाच्या स्प्रेमध्ये जळणारा वायू असतो, पेटत्या मेणबत्तीजवळ तो मारणं म्हणजे तोंडावर भडका. अंडी फोडणारे पोट्टे असतील तर गाडीची चावी खिशात ठेवून गाडी लांब लावा. अंडं उन्हात वाळलं की रंगाला कायमचा डाग पाडतं. आणि तलवारीने केक कापणाऱ्यांवर शस्त्र कायद्याखाली गुन्हे दाखल होतात, तो व्हिडिओ आपल्या गाडीच्या नंबरासकट फिरायला नको.

हिवाळा हाच या गाडीचा मोसम. पौषात छत उघडं, पायाशी हीटर आणि शेवटी हुरडा, यापुढे काही मागू नये. मार्चनंतर छत फक्त सूर्य मावळल्यावर. मे महिन्यात पारा पंचेचाळीसवर असताना काळ्या सीटवर हात ठेवता येत नाही. गंमत अशी की गावाकडे सगळ्यात जास्त वाढदिवस नेमके 1 जून आणि 1 जुलैला. शाळेत नाव घालताना गुरुजींनी लिहून टाकलेल्या तारखा. एका दिवशी चार-चार केक, वर ऊन किंवा चिखल. त्या दोन तारखांना गाडी घरीच बरी. काळ्या मातीचा चिखल चाकाच्या कमानीत भरून वाळला की काँक्रीट होतो, आणि रुंद टायर नुसते जागच्या जागी फिरतात. रुतलीच तर ट्रॅक्टरला साखळी कुठेही बांधू नका. टूल किटमधला हुक बंपरच्या झाकणामागे घट्ट पिळून लावायचा (काही गाड्यांत तो उलट्या आट्याचा असतो), गिअर न्यूट्रलला, आणि ओढायचं फक्त चिखलाबाहेर येईपर्यंत. ऑटोमॅटिक गाडी मागची चाकं जमिनीवर ठेवून गावापर्यंत ओढली तर गिअरबॉक्स जातो.

पावसाळ्यातला मोठा खर्च वेगळ्याच गोष्टीने निघतो. छताच्या दोन्ही बाजूंना पाणी वाहून जायची बारीक भोकं असतात. गाडी कडुलिंबाखाली उभी राहिली की पानांच्या काड्यांनी ती बुजतात, पाणी आत उतरतं आणि सीटखालचे किंवा डिक्कीतले इलेक्ट्रॉनिक डबे भिजतात. मृगाच्या आधी मऊ नायलॉनची दोरी घालून भोकं साफ करायची, वरून तांब्याभर पाणी ओतून खालून पडतं का बघायचं. दहा मिनिटांचं काम.

टायर रन-फ्लॅट, स्टेपनी नाही. हवा गेल्यावरही ताशी 80 च्या आत साधारण 80 किलोमीटर जाता येतं, म्हणजे बाभळीचा काटा लागला तरी तालुका गाठता येतो. पण त्याची भिंत कडक असल्याने साध्या पंक्चरवाल्याकडे रिमवरून निघत नाही. जॅकही खाली शिरत नाही, त्यासाठी दीड इंच जाडीच्या दोन सागाच्या फळ्या ठेवा, आधी चाक त्यावर चढवायचं आणि मग जॅक लावायचा.

समृद्धी महामार्गावर गाडी खरी खुलते. नागपूर ते मुंबई 701 किलोमीटर, कारला वेगाची मर्यादा ताशी 120. पण तिथे दुचाकीला बंदी आहे, त्यामुळे मोटरसायकलवाले मित्र जुन्या रस्त्याने येतात आणि आपण ठरल्या ठिकाणी त्यांची वाट बघत बसतो. उन्हाळ्यात निघताना टायर थंड असतानाच हवा तपासावी. तापलेल्या टायरची वाढलेली हवा सोडून देणं ही नेहमीची चूक, थंड झाल्यावर ती कमी भरते आणि टायर आणखी तापतो.

मायलेज नऊ-दहाचं. पंपावरच्या पेट्रोलमध्ये आता 20 टक्के इथेनॉल असतं आणि जुन्या आयात गाड्या त्यासाठी बनवलेल्या नाहीत. टाकीच्या झाकणामागचा स्टिकर वाचा, रबरी नळ्या वर्षातून एकदा तपासा. वाढदिवस दोन महिने नसेल तर गाडी नुसती उभी ठेवू नका. बॅटरी तीन-चार आठवड्यांत उतरते आणि तूर-कापूस साठवलेल्या घरात उंदीर वायरी कुरतडतात. आठवड्यातून एकदा वीस किलोमीटर फिरवून आणायची, रात्री बोनेटखाली टॉर्च मारायचा.

वरातीसाठी भाड्याने मागणारे येतात. पांढऱ्या पाटीची खासगी गाडी भाड्याने देता येत नाही आणि तेव्हा काही झालं तर विम्याचा दावा नाकारला जाऊ शकतो. नवरदेव चुलतभाऊ असला तर चावी आपल्या हातात ठेवून, पैसे न घेता, स्वतः चालवत न्या.